चित्रातल्या मायलेकरांची आंबील

त्या वर्षी माझी श्रद्धा पार पातळ झाली होती. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती आणि मी धानोऱ्याच्या पुढे, जंगलातल्या एका गावी एकटाच मास्तर होतो. दत्तमहाराजांकडे रोज एकच मागणं, बदली करा. महाराज काही मनावर घेईनात. शेवटी ठरवलं, आपणच पळायचं. नोकरी गेली तर गेली.

आदल्या दिवशी पोरांना चित्रांचं एक पुस्तक वाचून दाखवलं. परमुलखातली एक गुलाम आई पाठीला लेकरू बांधून मालकाच्या तावडीतून निसटते, अशी गोष्ट. "माणसायले बी बाजारात इकतेत का जी?" सोमी नावाच्या पोरीनं विचारलं. मी हो म्हणताच सगळा वर्ग माझ्याकडे असा बघू लागला, जणू दुकान माझंच होतं. मायलेकरं जंगलात उपाशी लपली आहेत, त्या पानावर मी पुस्तक मिटलं आणि "बाकीचं उद्या" असं खुशाल सांगितलं.

सकाळी ट्रंक उचलून निघालो. कुणी हटकू नये म्हणून आडवाट धरली आणि चुकलो. चैत्रातलं ऊन, घशाला कोरड, डोळ्यांपुढे अंधारी. एका मोहाखाली मटकन बसलो. आता काही आपण वाचत नाही, असं खरंच वाटलं. "महाराज, बदली राहू द्या, पाणी द्या," एवढंच तोंडून निघालं. मान वर केली तर फांदीला वाळल्या भोपळ्याचा तुंबा टांगलेला, बुंध्याशी पळसाच्या पानानं झाकलेला द्रोणभर भात! तुंब्यात गार आंबील होती. आधी हात जोडले की आधी प्यालो, ते आठवत नाही. बहुधा प्यालोच.

द्रोण चाटून होतो न होतो तोच झाडीतून पोरं धावत आली, मागून सोमीची आई मैनाबाई. गोल फिरून मी गावच्याच शिवेवर आलो होतो.

"पोरं आयकेचनात जी," मैनाबाई म्हणाली. "म्हणे, ते मायलेकरं उपाशी हायेत, इकडूनच जातीन."

सोमीनं रिकामा द्रोण पाहिला, माझ्या मिशीतली शितं पाहिली आणि भोकाड पसरलं. "आता ते काय खातीन?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सगळं कबूल केलं. पळून चाललो होतो, हेही.

मैनाबाईनं ट्रंकेकडे पाहिलं. "मंग बराबर हाये. पळून चाललेल्यासाठीच ठेवलं होतं."

सोमीनं डोळे पुसले. "जा मंग गुरुजी. पण ते सुटतेत का नाई, तेवढं सांगून जा."

पुस्तक शाळेत होतं. मी पोरांमागून निघालो. शेवटच्या पानावर आई नदीपार पोचली, तेव्हा पोरांनी छपराची कौलं हलतील असा गलका केला आणि मी मात्र ढसाढसा रडलो. महाराजांनी जेवू घातलं की पोरांनी, याचा निवाडा मी केला नाही, दोघांनाही नमस्कार केला. मग ट्रंक उघडून कपडे खुंटीला लावले.