विलायत पाहिलेला माणूस

कुंडलचा गुंडा हवालदार लढाई संपल्यावर विलायतेला जाऊन आला, ही गोष्ट खरी. विजयाच्या परेडसाठी फौजेतले निवडक जवान लंडनला नेले, त्यांत त्याचा नंबर लागला. एका मोठ्या बागेत तंबू ठोकून राहिला, रस्त्यानं छाती काढून चालला आणि बोटीनं परत आला. पण गावातली माणसं विचारायला लागली, "विलायत कशी हाय रं?" की त्याची जीभ अडायची. ओल्या हवेतली बाग, रांगा लावून उभी असलेली माणसं आणि छप्पर उडालेल्या घरांच्या काळ्या भिंती, एवढंच त्याच्या डोळ्यांपुढं यायचं. ह्याला विलायत म्हणायचं का, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

सत्तेचाळीस साल नुकतंच लागलं होतं. सांगलीत लालासाहेब नावाच्या गृहस्थांनी पेठेत एका माडीवर कचेरी उघडली. मुलांना इंग्लंड-अमेरिकेला शिकायला धाडायचं, तिथल्या कॉलेजांशी पत्रव्यवहार करायचा, बोटीवर जागा मिळवून द्यायची, असा तो धंदा. स्वराज्य येणार, कारखाने निघणार, मग तिकडच्या पदवीला सोन्याचा भाव येणार, असं जो तो बोलत होता. उसाचे बागायतदार, वखारवाले, वकील जिना चढायला लागले. पण खुद्द लालासाहेब कधी मुंबईच्या पलीकडं गेले नव्हते. विलायत पाहिलेला कुणीतरी जवळ असावा म्हणून त्यांनी गुंडाला बोलावून घेतलं.

"हवालदार, तुम्ही नुसतं बसायचं," ते म्हणाले. "छातीवर बिल्ले लावा. कोणी विचारलं तर जे पाहिलं तेच सांगा. खोटं बोला असं मी कधी म्हणणार नाही."

खोटं बोलायचं नाही म्हटल्यावर नकार द्यायला गुंडाला कारणच उरलं नाही.

तो खरंच सांगायचा. "पावासाठी बायामाणसं रांगंत हुबी ऱ्हात्यात," तो म्हणायचा. लगेच लालासाहेब पालकांकडं वळायचे, "बघा, केवढी शिस्त!" गुंडा म्हणायचा, "घरं लय पडल्यात." लालासाहेब म्हणायचे, "ती बांधायला इंजिनिअर लागणार. म्हणून तर तिथं शिकायचं." पालक माना डोलवायचे. गुंडाच्या तोंडून निघालेला शब्द तोच असायचा, पण समोरच्याच्या कानात शिरेपर्यंत त्याचं भलतंच काही व्हायचं.

बरं, लालासाहेब लबाड म्हणावेत, तर साताऱ्याच्या एका मुलाला त्यांनी खरोखर प्रवेश मिळवून दिला, आणि त्या दिवशी त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं. सच्चे म्हणावेत, तर दुसरा मुलगा बोटीवर जागा नाही म्हणून मुंबईहून ट्रंक घेऊन माघारी आला, आणि लालासाहेब त्या दिवशी माडीवर फिरकलेच नाहीत. गुंडाचं मत रोज बदलायचं.

एके दिवशी त्याच्या गावचा अर्जुना जिना चढून आला. बेचाळीसच्या धामधुमीत हा पोरगा रानात लपून सरकारच्या तारा तोडत होता, तेव्हा गुंडा सरकारचाच गणवेश घालून मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, वाळवंटात लढत होता.

"तू आन् विलायतंला?" गुंडानं विचारलं. "इंग्रजाला घालवायचं म्हणत हुतास न्हवं?"

"त्येचं राज्य घालवायचं हुतं, अण्णा," अर्जुना म्हणाला. "इद्या कशाला घालवायची?"

गुंडाला ते पटलं आणि पटलं नाहीसुद्धा.

मग मिरजेचे लाकूडवखारवाले रसूलभाई आले. सोबत त्यांची लेक झुबेदा, बी. ए. झालेली. शिक्षिकांना घडवणाऱ्या इंग्लंडातल्या एका कॉलेजात तिला जायचं होतं. लालासाहेबांनी चित्रं दाखवली, बागा दाखवल्या. रसूलभाईंनी त्यांच्याकडं बघितलंही नाही. ते गुंडापुढं बसले.

"हवालदारसाब, तितं पोरी एकट्या ऱ्हात्यात?"

"ऱ्हात्यात. मोटारीत तिकिटं फाडत्यात, फौजंची गाडी हाकत्यात. म्या बघितल्यात."

"तुमाला लेक हाय?"

"हाय. बनू."

"तिला धाडली असती तुमी?"

लालासाहेब मागून खुणा करत होते. गुंडाला बनूचा चेहरा आठवेना. फौजेत गेला तेव्हा ती रांगत होती, आणि आल्यावर थोडेच दिवस घरी राहून तो सांगलीत आला. शेवटी तो म्हणाला, "ठावं न्हाई. खरंच ठावं न्हाई."

लालासाहेबांनी कपाळाला हात लावला. पण झुबेदा पुढं सरकली.

"काका, तुम्हाला तिथं एकटं वाटलं का?"

"लय वाटलं. पलटण संगं हुती तरीबी."

"मलाही वाटेल," ती बापाला म्हणाली. "पण मी जाते, अब्बा."

रसूलभाईंनी टोपी काढून पुन्हा घातली आणि लालासाहेबांना म्हणाले, "लिवा पत्र."

गुंडाच्या 'ठावं न्हाई'नं गिऱ्हाईक तुटायचं ते उलट जुळलं. का, ते लालासाहेबांनाही सांगता आलं नाही.

त्या आठवड्यात गुंडा गावी गेला. बनू गोठ्यात शेण काढत होती.

"ही साळंत का जात न्हाई?" त्यानं बायकोला विचारलं.

साळूबाईनं चमकून बघितलं. "आवं, तुमीच मिसरातनं लिवलं हुतं, पोरीला घरकामाला लावा म्हणून."

गुंडाला असं काही लिहिल्याचं आठवत नव्हतं. त्यानं बनूच्या हातातलं घमेलं घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तिला शाळेत बसवून आला. नाव विचारल्यावर मास्तरांपुढं ती बापाच्या मागं लपली.

पुढं झुबेदा गेली, शिकली, परत येऊन मुलींना शिकवू लागली. अर्जुना गेलाच नाही. त्यानं गावात पिठाची गिरणी काढली. लालासाहेबांची कचेरी हळूहळू बंद पडली, आणि गुंडा उसाच्या पाण्याच्या पाळीत रमला. बनू सातवीची फायनल परीक्षा पास होऊन पलूसच्या बाजूला मास्तरीण झाली. लोक गुंडाला म्हणायचे, विलायत बघितली म्हणून लेक शिकवलीस. तो मान हलवायचा. पण मनात त्याला वाटायचं, विलायत बघून आल्यावरही आपण पोरीला गोठ्यातच ठेवली होती की. मग हे झालं कशानं? त्याचा मेळ त्याला कधी बसला नाही.