टाकीवाल्यांचं गोड पाणी

टाकीवाल्यांना लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि ते चढले. पिण्याच्या पाण्याच्या टाकीत रोज ब्लिचिंग पावडर कालवून टाकायची, एवढंच त्यांचं काम. पण कुणीतरी म्हणालं, "पाण्याला औषधाचा वास येतो हो, चहासुद्धा बिघडतो." त्यांनी पावडर निम्मी केली. "आता कसं गोड लागतंय," असं ऐकल्यावर तीही निम्मी केली. स्तुतीची चटक वाईट. शेवटी पावडरीची पोती कोपऱ्यात दगड होऊन बसली आणि टाकीवाले गल्लीतून छाती फुगवून हिंडू लागले, जणू नदी त्यांनीच खणली होती.

राहता राहिला तपासनीस. तो पाण्याच्या नमुन्यात औषधाचे थेंब टाकायचा. पिवळा रंग आला की पाणी शुद्ध. टाकीवाल्यांनी त्यावर नामी युक्ती काढली. नमुन्याच्या बाटलीतच आधी चिमूटभर पावडर टाकून ठेवायची. तपासनीसही धन्य. नळापर्यंत चालायचा कंटाळा, म्हणून तो खुर्चीतच बाटली मागवायचा.

घरी बाईंचा तोरा तर विचारूच नका. पाणी उकळणाऱ्या शेजारणींना त्या हसत. "आमचे हे स्वतः पाणी शुद्ध करतात. मी उकळलं तर यांचंच नाक कापल्यासारखं नाही का?" टाकीवाले मिशीत हसत. खरं सांगायची हिंमत या बहाद्दराला बायकोपुढेही झाली नाही.

मग लेक सुट्टीला आली आणि तिच्या धाकटीला जुलाब लागले. बघता बघता पोरीचे डोळे खोल गेले. दवाखान्यात सलाईन लावताना डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं पिते?"

"यांच्याच टाकीचं," बाई ताठ मानेने म्हणाल्या.

"मग पाण्याचा प्रश्न नाही. कालच तपासणी झाली, उत्तम आलंय. दुसरं काहीतरी शोधायला हवं."

टाकीवाल्यांच्या हातात नातीचा तळवा होता, गार पडलेला. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती.

"पाण्यानंच झालंय," ते म्हणाले. "टाकीत मी कित्येक महिने काही टाकलेलं नाही. बाटलीत टाकत होतो."

डॉक्टर फोनकडे वळले. बाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "पलीकडच्या खाटेवर शेजारणीचं पोर आहे. उकळत बसू नकोस, असं तिला मीच सांगितलं होतं."