स्टील गिटार आणि आबांची सनई

उमरग्याच्या एसटी स्टँडवर आबा मला सोडायला आले ते थेट एका लग्नातून. सकाळपासून वाजवून ओठ सुजलेले, बगलेत फडक्यात गुंडाळलेली सनई. माझी ट्रंक त्यांनी स्वतः टपावर चढवली, मग खिडकीशी आले आणि आजूबाजूला कुणी ऐकत नाही असं पाहून म्हणाले, "तिकडं कुनी इचारलं बाप काय करतो, तर शेती करतो म्हन. उगं सनईचं सांगत बसू नको."

मी मान हलवली. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. गावातलं एकही लग्न आमच्या घरच्या सनईशिवाय लागायचं नाही आणि एकाही लग्नात आम्हाला मांडवात पान मिळायचं नाही. वाजवायचं बाहेर बसून, जेवायचं सगळ्यांच्या शेवटी. लग्नपत्रिकेत मामा-काकांची वीस नावं, वाजवणाऱ्याचं कधीच नाही. आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन मी या सगळ्यातून निघालो होतो. तुम्ही भावकीतले काही जण गावात राहिलात, काही जण माझ्यामागून पिंपरी-भोसरीला आलात. तुम्हाला माझ्या या वागण्याचं फार नवल वाटणार नाही, म्हणूनच तुम्हाला लिहितो आहे.

आकुर्डीला पत्र्याच्या चाळीत खोली मिळाली. जोडीला सदा, खेड तालुक्यातला, माझ्याच टूलरूममध्ये फिटर. शिफ्ट, ओव्हरटाइम, कँटीनचं कूपन हे शब्द महिन्याभरात जिभेवर बसले. सदाने पहिल्याच आठवड्यात घरचं विचारलं, तेव्हा मी 'शेती' म्हणून मोकळा झालो. पुढे त्या शेतीला विहीर जोडली, मग बैलजोडी. थापा मारायला बसल्यावर हात आखडता कशाला घ्यायचा?

कंपनीत ग्राइंडिंग मशीन बसवायला एक अमेरिकन इंजिनीअर आला होता. सदा त्याची स्कूटर दुरुस्त करून द्यायचा. परत जाताना साहेब आपला रेकॉर्ड प्लेयर सदाला देऊन गेला आणि सोबत एक तबकडी. कव्हरवर कुंपणाला टेकून उभे पाच दाढीवाले. ही आमच्याकडेही कुणी विकत घेतली नाही, असं तो हसत हसत सांगून गेला. गाणी इंग्रजी, खेडवळ सुरातली. शब्द आम्हाला कळत नव्हते. पण त्यात एक वाद्य होतं, त्याचा सूर एका जागी ठरतच नव्हता. खालून घसरत वर यायचा, वरून ओघळत खाली जायचा. आमची खात्री पटली की प्लेयरची मोटर ओढतेय.

आता टूलरूमवाल्यांना दुसरं काय सुचणार? दोन आठवडे आम्ही त्या प्लेयरच्या मागे लागलो. बेल्ट बदलला. लेथवर नवीन बुश करून घातला. एका गुरुवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, सदाने कंपनीतून केसाएवढा हेलकावाही काट्यावर दाखवणारं डायल गेज मागून आणलं आणि फिरत्या थाळीच्या कडेला लावलं. काटा जागचा हलेना. थाळी जराही न डगमगता फिरत होती आणि सूर घसरतच होता.

त्याच दिवशी आबा पहिल्यांदा माझ्या खोलीवर आले होते. भाकरी आणि शेंगाची चटणी काढून दिली आणि पिशवी मांडीवर घेऊन कॉटवर बसले. खुंटीला लावतो म्हटलं, तर "राहू दे" म्हणाले. आमची खटपट त्यांनी बराच वेळ पाहिली.

"यंत्र बरं हाय लेकरांनो," ते शेवटी म्हणाले. "यंत्र वढत असतं तर गानाऱ्याचा आवाजबी ढळला असता. त्याचा ढळतोय का? ह्यो दुसरा गडी हाय, त्यो मुद्दाम वढतोय."

सदाने सुई पुन्हा ठेवली. आबा डोळे मिटून ऐकत राहिले. "बघा. गानारा थांबला की येतोय. त्यानं तोंड उघडायच्या आत मागं सरतोय. लई चांगला मानूस असंल."

सदा हातातलं गेज तसंच धरून बसला. "आयला! आबा, आमी दोन आठवडं झक मारतोय. तुमाला कसं वो कळलं?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. हात पिशवीच्या तोंडाशी होता. स्टँडवर त्यांनी मला एक मुभा दिली होती आणि आता ती परत मागत होते, इतकं साधं होतं ते. मी घाईघाईने म्हणालो, "आबा गावच्या भजनात बसतात ना!"

"व्हय," आबा म्हणाले. "भजनात बसतो कधीमधी." आणि मग सदाला त्याच्याकडचं पाऊसपाणी विचारू लागले, ज्वारी कशी आली, बैल कुठले घेता, अगदी मुरलेल्या शेतकऱ्यासारखं.

चार वर्षांनी तार आली. मी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. तिसऱ्या दिवशी आईने सनई माझ्या हातात दिली. म्हणाली, "तुझ्या खोलीवर वाजवायला नेली व्हती. नवी पत्ती घातली व्हती. म्हनले, पोरगं मोठ्या कंपनीत लागलं, आता कशाचं लाजायचं. आन तशीच परत आनली. इचारलं तर म्हनले, येळ मिळाला न्हाई."

मला तेव्हा रडू आलं नाही. आकुर्डीला परतल्यावर ती तबकडी लावली, तेव्हा आलं. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं संथ आहे. गाणारा ओळ संपवतो, आवाज जरा फुटतो. मग तो गडी खालून हळूच येतो, सुरापर्यंत पोचायला मुद्दाम उशीर करतो, तिथे थोडा थरथरत थांबतो आणि निघून जातो. कव्हरच्या मागे त्याचा फोटो आहे. इस्त्रीच्या टेबलासारखी स्टील गिटार पुढ्यात, एका हातात लोखंडी कांडी, पायाखाली पेडल. पेडल दाबलं की खालच्या सळया तारा ओढतात. हे फिटरला लगेच समजतं. पण कधी ओढायचं नाही, हे त्या गड्याला कुणी शिकवलं असेल? आबा मुलीच्या पाठवणीला वाजवायचे आणि तिची आई रडायला लागली की ओठावरून सनई काढायचे. "रडनाऱ्याच्या आवाजावर वाजवू नये," म्हणायचे. त्या गड्याचं नाव कव्हरवर सगळ्यात खाली, सगळ्यात बारीक अक्षरात आहे. आबांचं तर तेवढंही कुठे नाही.

आता निगडीला प्राधिकरणात माझं स्वतःचं घर आहे. घरभरणीच्या दिवशी सदा आला, मी तबकडी लावली आणि एकदाचं त्याला सांगून टाकलं.

"मला ठावं व्हतं राव," सदा म्हणाला. "आबांच्या ओठाला घट्टा व्हता. आमच्या गावच्या सनईवाल्यालाबी तसाच हाय. पर तू शेती म्हनलास, मंग मी कशाला बोलू?"

म्हणजे त्या खोलीत ते खोटं कुणालाच नको होतं, आणि मी ते आबांच्या अंगावर घातलं. तुम्ही पत्रात विचारता, नवं घर कसं आहे. चांगलं आहे. नळाला पाणी आहे, गॅलरी आहे. पण घर म्हटलं की मला उमरगाही आठवत नाही आणि निगडीही नाही. आकुर्डीची पत्र्याची खोली आठवते. थाळी फिरतेय, आबांचा हात पिशवीवर आहे आणि सदाने नुकतंच विचारलंय. मी रोज तिथे जातो आणि रोज ठरवतो, की या वेळी सांगायचं. माझे वडील सनई वाजवतात, एवढंच तर म्हणायचं असतं. पण मी तोंड उघडायच्या आत आबाच म्हणतात, "व्हय. भजनात बसतो कधीमधी."