डाव्या बाजूची खुर्ची

मध्यस्थी करणाऱ्या बाईंनी सदाभाऊंची खुर्ची माझ्या उजवीकडे मांडली होती. ते आले, खुर्ची उचलली आणि माझ्या डावीकडे येऊन बसले. बाईंच्या कपाळाला आठी पडली.

"अण्णांना उजव्या कानानं ऐकू येत नाही," ते म्हणाले. "छापखान्यातल्या मशीननं गेलाय तो."

इतक्या वर्षांच्या भागीदारीत ते असेच डावीकडे बसत आले असणार. माझ्या ते कधी ध्यानातच आलं नाही. आणि माझी तक्रार काय, तर हा माणूस सगळं परस्पर ठरवतो, मला विचारात घेत नाही.

भांडण लागलं की आपण समोरच्याचे दोष घोकत बसतो. सवयीला मात्र भांडणाची खबरच नसते. मनं फाटली तरी ती आपली रोजच्यासारखी येऊन शेजारी बसते.

"बोला अण्णा, काय म्हणणं आहे तुमचं?" बाई म्हणाल्या.

सदाभाऊंनी ऐकण्यासाठी मान माझ्याकडे वळवली. घरून जुळवून आणलेली सगळी वाक्यं मला आठवत होती. लाजेनं तोंड उघडेना.

बाईंनी तेच पुन्हा, जरा मोठ्यानं विचारलं. मला पहिल्या वेळीच स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी मी ऐकू न आल्यासारखा बसून राहिलो.