बोट न दाखवणारी चांगुणा

चांगुणामावशी आज तरी अंधार पडायच्या आत घरी परतल्या असतील का? अकरा दिवस झाले, ही काळजी मनातून जात नाही. परवा त्यांच्या मुलानं, धम्मानंदनं सांगितलं, "आई रोज दिवस मावळताना माळावर जाती. कंद उकरून नेलेत ना, त्या खड्ड्यांत हातानं माती लोटत बसती. हाक मारली तर वळून बी बघत न्हाई."

मावशी सत्तरीच्या आहेत. चाकूर तालुक्यातल्या त्यांच्या गावाहून आठवड्यातून दोनदा एसटीनं लातूरला यायच्या. टोपलीत तरोटा, कुर्डू, पाथरी अशा रानभाज्या. दारात उभ्या राहून "जयभीम, बाई" म्हणायच्या. मी "या" म्हणायचे आणि चहा ठेवायचे.

माझी मुलगी मनस्विनी नीटचा क्लास सोडून वनस्पतिशास्त्राकडे वळली ती मावशींच्या टोपलीमुळे. आता ती नांदेडला एम.एस्सी. करते आणि आपल्या भागातल्या रानवनस्पतींची यादी बनवते. पुस्तकात एखाद्या झाडाचा पत्ता लागला नाही की मावशींना विचारते. मावशी पान चुरगळून वास घ्यायच्या, देठ मोडून चीक बघायच्या, आणि झाडाच्या नावाबरोबर ते कोणत्या दुष्काळात कुणी खाल्लं तेही सांगायच्या.

मीही एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. श्रावण होता. गावाबाहेरच्या गायरानात, पाण्याच्या टाकीमागे, काटेरी झुडपांत एक बारीकशी वेल गुंतलेली होती; पुढं माळभर तशाच वेली. खर्पुडी. फूल करंगळीएवढं, कंदिलासारखं. आत शिरलेली माशी फूल सुकेपर्यंत बाहेर पडू शकत नाही, असं मनस्विनी म्हणाली. मावशींनी ती वेल आम्हाला नुसती हनुवटी उचलून दाखवली.

"बोट दाखवलं की रुसती," त्या म्हणाल्या.

"कोवळ्या काकडीला बोट दाखवू नये म्हणतात, तसं का आजी?" मनस्विनी हसली.

"हास तू. शिकलेली हायस, तुला लई बोटं हायत."

मग त्यांनी खुरप्यानं माती सारली, कंदाचा खालचा अर्धा भाग मोडून घेतला, वेलीकडचा अर्धा तसाच ठेवून माती दाबली. "आपलं झालं. बाकीचं तिचं," म्हणाल्या. मोडलेला तुकडा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. गोडसर होता, पाणीदार. हल्ली पाणी प्यायले तरी तीच चव येते.

मनस्विनी त्या फुलाचा फोटो कुणाला दाखवण्याआधी मागची टाकी कापून टाकायची, कारण टाकीवर गावाचं नाव आहे. मला मात्र तिनं न कापलेला फोटो पाठवला होता. मी आई आहे म्हणून.

त्याच आठवड्यात घरच्या ग्रुपवर वैजनाथभाऊजींनी लिहिलं, "वहिनी, डॉक्टरीणबाई आता कुणाच्या शेतात खुरपतात?" खाली पाच-सहा जणांची हसरी तोंडं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी फोटो टाकला आणि लिहिलं, "माझ्या मुलीला दुर्मिळ खर्पुडी सापडली, अख्खा माळ भरून." टाकी कापायचं सुचलंही नाही. खर्पुडी मावशींनी दाखवली होती, तेही लिहिलं नाही.

चार दिवसांनी तोच फोटो मला एका जुन्या मैत्रिणीकडून आला. खाली कुणीतरी जोडलं होतं : शक्तिवर्धक कंद. मी तो पुसून टाकला, जणू माझ्या फोनमधून गेला की सगळीकडून जाणार होता. पुढच्या आठवड्यात मोटारसायकलींवर माणसं आली आणि पोती भरून घेऊन गेली. एक वेल ठेवली नाही.

मावशींनी मनस्विनीला फोन करून एवढंच विचारलं, "माय, कुनाला बोट दाखवलंस का?"

"नाही आजी, शपथ."

"बरं."

त्यानंतर त्यांनी तिचा फोन घेतलेला नाही. लातूरलाही आल्या नाहीत. मनस्विनीची यादी तिथंच थांबलीय. ती रोज मला विचारते, "आई, कॉलेजात बोलता बोलता मी सांगितलं असेल का गं? मला आठवतच नाही." केलं नाही तेच ती आठवत बसलीय. मी म्हणते, "झोप आता." अकरा दिवस मी हेच म्हणतेय.

डोळे मिटले की मावशी दिसतात, खड्ड्याशी बसलेल्या. हनुवटी तेवढी उचलतात, माझ्याकडे.

आधी मनस्विनीला सांगावं, पुढचं ती सांभाळून घेईल, असं वाटत होतं. पण मग मावशींशी बोलणं पुन्हा तिच्याच गळ्यात पडेल. धम्मानंद पाच वाजता धारा काढायला उठतो. मावशी त्याच्याही आधी उठतात. पाचला मीच त्याला फोन लावीन आणि मावशींना द्यायला सांगेन. आजवर मी त्यांना नुसतं "या" म्हणत आले. उद्या आधी "जयभीम, मावशी" म्हणेन, आणि मग बोट कुणी दाखवलं ते सांगेन.