खाडीच्या मातीची भिंत

पावसाळ्यात मिठागर बंद, म्हणजे बाबांचे हात रिकामे. मग घर चालायचं ते पेणच्या गणपतीच्या कारखान्यात शाडू तुडवून मळणाऱ्या आईच्या पायांवर. एक वेळ भात, दुसऱ्या वेळी पेज. अशा घरातून कॉलेजात जाऊन आर्किटेक्ट झालेली मी पहिली. हे मी आजही छाती काढून सांगते.

म्हणूनच मूर्तिकारांनी चालवलेल्या छोट्या कलासंग्रहालयाच्या दुरुस्तीचं काम माझ्याकडे आलं. जुना कौलारू कारखाना, त्यात आधीच्या पिढ्यांनी घडवलेल्या शाडूच्या कच्च्या मूर्ती. भिंतींना ओल आली होती, मूर्तींची बोटं झडत होती. पावसाआधी मागे कोरडी खोली झाली नाही तर मूर्ती ज्याच्या त्याच्या घरी परत, असं कमिटीनं ठरवलं. मी म्हटलं, सिमेंट नको. उतरवलेली कौलं, जुनं लाकूड आणि जवळची माती. जवळची म्हणजे खाडीची.

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई माझ्या भावाकडे रोह्याला राहायला गेली होती. फोनवर तिनं विचारलं, “चाखलीस का गो माती?” बाबा मिठागरात चिखल जिभेला लावून खारटपणा बघायचे.

“आई, मी शिकलेय.”

“व्हय, ते हायच,” म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

मागच्या खोलीची भिंत उभी राहिली, वाळली, आणि तिच्यावर पीठ भुरभुरावं तसा पांढरा लोणा फुटला. कमिटीतल्या एका म्हाताऱ्या मूर्तिकारानं त्यावर बोट फिरवलं. “मीठ पिकवलंस गो पोरी! बापाचा धंदा काय सुटला नाय.”

सगळे हसले. मीही हसले. त्यानंतर कमिटीतलं कुणी तिकडे फिरकलं नाही. मी गवंड्याला घेऊन भिंत पाडली. घरी आले की एकटीपुरता भात लावायचा आणि तोही उरायचा. आईला फोन लावायला हात उठेना.

मग एसटीनं खाडीपासून लांब, खांब गावाला गेले. शेताच्या बांधांवर बसून माती जिभेला लावत होते, तर एक शेतकरीण थांबली.

“माती खातेस? दिवस गेलेत काय गो?”

“नाय मावशी. पदवी घेतलीय.”

ती पोट धरून हसली. तिच्या बांधाची माती निव्वळ अळणी लागली. तीच टेम्पोत भरून आणली, भाताचं तूस घालून मळली. मळायला मीही उतरले. आईसारखी टाच काही फिरली नाही.

भिंत वाळली, तशीच तांबूस राहिली. फोटो पाठवला तेव्हा आईचा फोन आला.

“या वक्ताला चाखलीस ना?”

“व्हय.”

पावसाआधी खोली झाली. सगळ्या मूर्ती तिथे आहेत. एकही घरी परत गेली नाही.