खडेकाकीची शिकवणी

लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हातातल्या अक्षता निवडून टाकणारी बाई मी जन्मात एकच पाहिली. लोक 'सावधान' ऐकू आलं की मूठ उधळून मोकळे होतात. ही आपली तळहातावर अक्षता पसरून त्यातली कणी बाजूला काढत बसायची. चौथं कडवं संपलं तरी हिची पहिली मूठ तयार नसायची. कुणी हटकलंच तर म्हणायची, "अगो, जन्माचो संसार. त्यात पहिल्याच दिवशी कणी कित्याक टाकूची?"

तिला सगळे खडेकाकी म्हणायचे. तांदळात, डाळीत, सांगून आलेल्या स्थळात, नव्या भाडेकरूत, कुठेही तिला खडा सापडायचाच. आम्हा चाळीतल्या पोरांना ते तिचं आडनावच वाटे. एकदा गॅसवाल्याने "मिसेस खडे कोण?" असं ओरडत दोन मजले पालथे घातले, कारण नंबर लावताना कुणा कार्ट्याने तेच नाव सांगितलं होतं. काकी शांतपणे दारात आली, सिलिंडर हाताने जरा डोलवून बघितला आणि म्हणाली, "मीच ती. ह्यो हलको वाटता, दुसरो दी." त्याने मुकाट्याने दुसरा दिला.

काळाचौकीला ती आमच्यापासून दोन दारं सोडून राहायची. नवरा गिरणीतला, तो जाऊन खूप वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. मालवणजवळ पुतण्या होता. तो दर मे महिन्यात "काकी, आता गावाक चल" म्हणायचा आणि ती दर मे महिन्यात "बघूया" म्हणायची. तिचा जीव लालबागला एका मसाल्याच्या दुकानामागच्या गोणपाटावर होता. तिथे पाच-सहा बायका गोल करून मिरच्या निवडायला बसत. देठ राहिलेली, काळा डाग पडलेली, बुरशी धरलेली मिरची एकीकडे, चांगली दुसरीकडे. खांबाला टेकून बसायची जागा काकीची. त्या गोणपाटावर मिरच्यांपेक्षा माणसंच जास्त निवडली जायची, हे मी लहानपणी तिथेच बसणाऱ्या आईला बोलवायला जायचे तेव्हाच ऐकून घेतलंय.

आता माझं. मी डिप्लोमा केला आणि सॉर्टिंगची मशीनं बसवणाऱ्या एका कंपनीत लागले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पट्ट्यावरून माल धावतो. वर झगझगीत दिवे आणि कॅमेरे असतात. कॅमेरा एकेका दाण्याकडे बघतो, आतला संगणक ठरवतो बरा की वाईट, आणि वाईट असेल तर हवेची एक बारीक फुंकर येऊन त्याला वेगळ्या पेटीत उडवते. हे सगळं पापणी लवायच्या आत. पण नव्या मशीनांना आधी शिकवावं लागतं. चांगल्या मालाचा ढीग दाखवायचा, वाईट मालाचा ढीग दाखवायचा. ते फोटो काढतं आणि त्यावरून आपलं आपण मत बनवतं. माणसाच्या पोरासारखंच, फक्त उलट बोलत नाही.

आणि नशीब बघा, मी एकटीने बसवायचं माझं पहिलंच मशीन आलं ते त्याच दुकानात! दुकानाचे मालक म्हणजे दादा. बाहेरच्या ऑर्डरी वाढल्या होत्या, हातांचा वेग पुरेना, म्हणून त्यांनी ते घेतलं. मी खोके उघडायला लागले तशी गोणपाटावरची शैलावहिनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आपल्याच चाळीतली पोर. आमच्या पोटावर पाय द्यायला हिलाच बरी पाठवली!"

"वहिनी, मी नाही बसवलं तर दुसरा बसवेल," मी पण ठणकावलं. मला ऐकून घ्यायची सवय नाही.

"गप ऱ्हवा गो दोघीजणी," काकी म्हणाली. "आधी बघूया तरी, पोर काळां की गोरां." त्या दिवसापासून ते मशीन तिचं 'पोर' झालं.

दसऱ्याला दुकानातल्या सगळ्या अवजारांची पूजा असते. वजनकाटा, सुपं, मिरची कुटायचे डंके, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. बायका मशीनवर रागावलेल्या असल्या तरी पूजेत हयगय नाही. दुसऱ्या दिवशी मी पट्टा सुरू केला आणि धण्यांचा पहिला लोट आत सोडला. फुस्स, फुस्स, फुस्स! एकूण एक दाणा वाईट पेटीत. चांगल्या पेटीत एक नाही. मी घामाघूम. दादा माझ्याकडे बघतायत, मी वायरींकडे बघतेय. शेवटी झाकण उघडलं तर कॅमेऱ्याच्या काचेवर हळदीकुंकवाची पाच ठसठशीत बोटं! आपल्याकडे पूजेत तोंडाला गंध लावतात, आणि ह्या मशीनचं तोंड ते कुठलं, तर काच. काकीने बरोबर ओळखलं होतं. ती मात्र खूश. "सगळ्याक नाव ठेवता? बघा, माझ्यावर गेलां!"

काच पुसली आणि धणे सुरळीत निघाले; त्यांची शिकवणी कंपनीतूनच होऊन आली होती. मग आली मिरची. शिकवायचे ढीग कोण करणार? दादा म्हणाले, "काकीशिवाय कोण?" काकी दुसऱ्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून आली. खांबाला टेकली, सूप ओढलं आणि एकेक मिरची बोटांत फिरवत ढीग करायला लागली. "ही बरी. ही वाईट. ही बरी होती, संगतीन बिघडली." मी हसत होते आणि मशीनला फोटो खिलवत होते; काकीने निवडलेलं परत तपासायचं माझ्या मनातही आलं नाही. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

कसलं न्हातंय! चाचणीला चांगल्या पेटीत काळे डाग पडलेल्या मिरच्या धो धो पडायला लागल्या. देठवाली एक नाही, खडा एक नाही, पण डागवाल्या मात्र बेलाशक आत. मला आधी वाटलं परत कुंकू. काच पुसली, दिवे बदलले. ऑफिसमधल्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "उद्या मी येतो. तोपर्यंत तू शिकवणीचे फोटो बघ." मग मी काकीच्या चांगल्या ढिगाचे फोटो एकेक करून बघायला बसले. त्यात डागवाल्या मिरच्या होत्या. एखाददुसरी नाही, भरपूर.

माझं डोकंच सटकलं. मशीन फेल जावं म्हणून हिने मुद्दाम केलं! जेवणाच्या सुट्टीत काकी मागच्या जिन्यात डबा उघडून बसली होती. मी दोन मिरच्या तिच्यापुढे धरल्या. "काकी, हे मुद्दाम केलंस ना? माझी नोकरी घालवायचीय तुला?"

तिने मिरच्या हातात घेतल्या. चाचपल्या, वळवल्या, नाकाशी नेल्या. "काय झालां? दोनव चांगल्यो आसत."

एक लालबुंद होती. दुसरीवर अंगठ्याएवढा काळा डाग होता. मी तिचं बोट धरून त्या डागावर ठेवलं. तिला त्यावरूनच कळलं असावं. तिने डब्याचं झाकण लावलं.

"दोन वर्सां झाली, चेडवा," ती हळूच म्हणाली. "खडो हाताक लागता, देठ हाताक लागता. डाग काय हाताक लागणा नाय."

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरने केव्हाच ऑपरेशन सांगितलं होतं. पण मग महिनाभर तरी मिरचीच्या धुरळ्यात बसायचं नाही, असंही सांगितलं होतं. काकीची भीती तिथे होती. "महिनोभर घरी बसलंय तर दादा म्हणतलो, म्हातारे, आता घरीच बस. मगे मी खंय जाव?" गावाला पुतण्या होता की. पण स्वतः जाणं वेगळं आणि घरी बसवलं म्हणून जाणं वेगळं, हे मला त्या वयातही कळत होतं. मला रडूच आलं.

काकीला मात्र अचानक वेगळंच सुचलं. "म्हणजे गो, मी शिकवलंय म्हणून ह्या पोराकय मोतीबिंदू झालो?"

"हो ना," मी नाक ओढत म्हणाले. "तुला जे दिसत नाही ते त्यालाही दिसत नाही."

"मशीनाक मोतीबिंदू!" असं म्हणून ती जी हसत सुटली, ती थांबेचना. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पुसलं, आणि पुसलं कशाने, तर मिरचीच्या हाताने! मग जी बोंब ठोकली ती थेट दुकानाच्या गल्ल्यापर्यंत. मी तिला नळाखाली धरून डोळे धुवत होते, ती एकीकडे शिव्या देत होती आणि एकीकडे हसत होती.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. दादा तापलेले. म्हणाले, "हे मशीन घेऊन जा आणि ह्या पोरीलाही घेऊन जा. हिला काही येत नाही." मी खाली मान घालून उभी. खरं सांगितलं तर काकी घरी, नाही सांगितलं तर मी घरी. मी ठरवलं होतं, तोंड उघडायचं नाही.

तेवढ्यात काकी गोणपाटावरून उठली. खांबाला हात लावत, दाराच्या चौकटीला हात लावत आत आली. "दादा, मशीनाचो दोष नाय. पोरीचोय नाय. शिकवणारीच आंधळी आसा. माका डाग दिसणत नाय." जी गोष्ट तिने दोन वर्षं पदराखाली झाकली, ती माझ्यासाठी भर दुकानात उघडी केली. आजही ते आठवलं की मला कसंतरीच होतं.

दादांनी वाकून तिच्या डोळ्यांत बघितलं. मग म्हणाले, "काकी, दोन वर्षं दिसत नाही? मग तुमचा माल कोण निवडत होतं?"

"आम्ही," दारातून आवाज आला. शैलावहिनी आणि तिच्यामागे सगळ्या. "काकीचं सूप आम्ही परत बघायचो. शिकवणीचे ढीग तेवढे थेट मशीनकडे गेले. आणि आता ऐका दादा, काकी डोळे करून येईपर्यंत त्या मशीनला मिरची आमच्यातली कोणी शिकवणार नाही."

काकी त्यांच्याकडे वळली. "तुमका म्हायत होतां?"

"काकी, आम्हाला दिसतं," शैलावहिनी म्हणाली.

दादांना हसू आवरेना, आणि हसू दाबायला गेले तर मिरचीची जबरदस्त शिंक आली. शिंका संपल्यावर म्हणाले, "काकी, जा, डोळे करून या. जागा तुमचीच आहे. मिरची महिनाभर हातानेच निवडू. तोवर तुमच्या पोराला धणे चारतो." साहेबांनीही मान डोलावली. माझी नोकरी राहिली.

परळला ऑपरेशन झालं. आधी एक डोळा, मग दुसरा. काळा चष्मा लावून ती आमच्याकडे चहाला आली, वर बघितलं आणि आईला म्हणाली, "गो बाय, एवढी जळमटां! दोन वर्सां मी हयसर चाय पितंय?" आईने तेव्हाच झाडू हातात घेतला. मग माझ्याकडे वळून, "आणि तुझ्या नाकावर तीळ कधी इलो?" म्हटलं, काकी, गेल्याच वर्षी.

मग परत शिकवणी झाली. यावेळी काकी प्रत्येक मिरचीचा फोटो पडद्यावर मोठा करून बघायची आणि "अरे माझ्या कर्मा, ही मी पास केलेली?" म्हणून स्वतःच्या कपाळावर हात मारायची. मशीन शिकलं, आणि चांगलं शिकलं. गोणपाटही राहिलं, कारण ती फुंकर वाईट मिरचीबरोबर शेजारच्या चांगलीलाही उडवते, म्हणून वाईट पेटी परत हाताने बघावी लागते. दोघीजणी पॅकिंगला गेल्या, बाकीच्या बसल्या. काकी खांबाजवळ.

होळी झाली आणि एके दिवशी काकीने सूप झटकून भिंतीला उभं केलं. दादांपुढे जाऊन म्हणाली, "मी गावाक जातंय."

दादा चमकले. "आता? आता तर डोळे चांगले झाले. अजून खुशाल बसा की, काकी. कोणी उठवलं तुम्हाला?"

"कोणी उठवूक नाय. म्हणान तर उठतंय," काकी म्हणाली. "दिसत नव्हतां तेव्हा उठूची भीती वाटायची. आता माका समुद्र बघूचो आसा, पुतण्याची पोरां बघूची आसत. डोळे काय फक्त मिरचीसाठी केलंय?" दादा उठून तिच्या पाया पडले. शैलावहिनी रडली, मी रडले. काकी एकटी हसत होती.

संध्याकाळची गाडी होती. मी तिला सोडायला गेले. सामान माझ्या हातात, आणि ही काही चालेना. चौथीपर्यंत शिकलेली बाई, गल्लीतली एकूण एक पाटी मोठ्याने वाचत होती. मसाले, फरसाण, पंखे दुरुस्ती, दवाखाना, 'येथे गाडी लावू नये'. "काकी, गाडी चुकेल," मी ओरडले. "चुकांदे," म्हणाली आणि पुढची पाटी वाचायला लागली.

रस्त्याच्या कडेला कोकणच्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. मी सवयीने पुढे होऊन क्लीनरला विचारणार, तर तिने माझा दंड धरून मला मागे ओढलं. एकेका गाडीच्या काचेपुढे उभी राहिली. देवगड. नाय. कणकवली. नाय. तिसऱ्या गाडीपुढे थांबली, चष्मा वर केला आणि सावकाश वाचलं, "मा-ल-व-ण."

"हीच माझी," ती म्हणाली. माझ्या हातातलं सामान घेतलं आणि कुणालाही न विचारता वर चढली.